तागा कोणाच्या नावावर?

डबा फेकला गेला तो शनिवार होता. डब्यातली शेंगाचटणी चेकिंगच्या टेबलावर रचलेल्या पांढऱ्या टॉवेलांवर सांडली. त्या सहा टॉवेलांचे पैसे कोणाच्या पगारातून कापायचे, यावर लगेच दुसरं भांडण लागलं. एक ओरडत होता तेलुगूत, दुसरी ओरडत होती कानडीत. मधे मी उभा, आणि मला दोन्हीतल्या फक्त शिव्या समजत होत्या.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात मी सुपरवायझर आहे. चाळीस लूम आणि बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या. लूमवर पुरुष, बहुतेक शहराच्या पूर्व भागातले, घरी तेलुगू बोलणारे. चेकिंग आणि शिलाईला बायका, त्यांत कानडी, मराठी, उर्दू सगळ्या. लूमवरून उतरलेला तागा चेकिंगला येतो, टेबलावर ट्यूबलाइटखाली उलगडतो, आणि त्यात कुठे तार तुटलेली, कुठे तेलाचा डाग, कुठे आडवी पट्टी दिसली की टेबलावरची अक्का खडूनं खूण करते. तो टॉवेल सेकंडला, म्हणजे दुय्यम मालात जातो. शनिवारी पगाराच्या वेळी त्याची कपात लूमवाल्याच्या नावावर पडते. म्हणून आमच्याकडे भांडणाचा वार शनिवार.

डबा फेकला गेल्यावर कारण सांगायला सगळे तयारच होते. शेठ म्हणाले, "त्या अक्काची जीभच तिखट आहे." ऑफिसातले म्हणाले, भाषेचं आहे हो, एकमेकांचं कळत नाही. लूम दुरुस्त करणारा जॉबर म्हणाला, "ऊन वाढलंय साहेब, डोकी तापायलीत." मार्च संपत आला होता, त्यामुळे मलाही ते पटलं. माझं स्वतःचं मत तर याहून सोपं होतं. दोघंही तापट आहेत, लांब ठेवायचे.

पण हा उपाय मी आदल्या वर्षीच करून बसलो होतो. तेव्हा त्या टेबलावर दुसरी बाई होती. भांडणं फार झाली म्हणून तिला पॅकिंगला हलवलं आणि अक्काला तिच्या जागी बसवलं. शिलाईला होती तोवर अक्का कोणाशी चढ्या आवाजातही बोललेली मला आठवत नाही. टेबलावर बसली आणि दोन महिन्यांत तीही भांडखोर ठरली. आणि पॅकिंगला गेलेली जुनी भांडखोर बाई? ती आता डब्यातली चटणी सगळ्यांना वाटते.

माणूस बदलला आणि भांडण तिथंच बसून राहिलं, हे दिसत असूनही माझ्या डोक्यात शिरायला वर्ष लागलं.

त्या आधी शेठनी मला पुण्याला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. मालाचं नुकसान कमी कसं करावं, हा विषय. तिथं माशाचा सांगाडा शिकवला. जपानच्या काओरू इशिकावा यांची ती आकृती. डोक्याच्या जागी अडचण लिहायची आणि काट्यांवर कारणं : माणूस, मशीन, माल, पद्धत, मोजमाप, भोवतालची हवा. मनात आलं, मालातल्या दोषाचं मूळ असं सापडत असेल तर भांडणाचं का नाही? भांडण हाही दोषच की, आणि तोही दर शनिवारी त्याच ठिकाणी निघणारा.

जेवणाच्या सुट्टीत एक मोठं खोकं फाडून भिंतीला टेकवलं, त्यावर मासा काढला आणि सगळ्यांना बोलावलं. तीस माणसं आली आणि भिंतीकडे बघत भाकरी खात राहिली. कोणी तोंड उघडेना. मग मी चिठ्ठ्या वाटल्या, नाव न घालता लिहा म्हटलं. अकरा परत आल्या. त्यांतल्या नऊ ‘माणूस’ या एकाच काट्यावर लावाव्या लागल्या. दोघींना कामावरून काढा, तिघांना काढा, सुपरवायझर बदला. उरलेल्या दोघांपैकी एकानं संडासाला पाणी नाही असं लिहिलं होतं. एक कोरी होती.

अमेरिकेतले गुणवत्तेचे जाणकार डेमिंग यांचा एक अंदाज प्रशिक्षणात ऐकला होता. शंभरातल्या 94 अडचणी कामाच्या व्यवस्थेतून येतात आणि ती व्यवस्था सुधारणं हे वरच्यांचं काम. आमच्या खोक्यावर चित्र बरोब्बर उलटं होतं. एका काट्याला सगळं मांस आणि बाकीचा मासा नुसता हाडांचा. संध्याकाळी कोणीतरी त्याला मिशा काढल्या.

मग दुसरं हत्यार काढलं, ‘पाच वेळा का’. एकेकाला बाजूला घेऊन विचारायचं. पहिली अक्काच. भांडण का झालं? त्यानं टॉवेल ओढला म्हणून. का ओढला? मी खूण केली म्हणून. खूण का केली? इथं ती उठून उभी राहिली. "मी काय चोरी केली का? असं का विचारायलाव मला?"

तिचं बरोबर होतं. आपल्याकडे वरच्यानं विचारलेला ‘का’ हा प्रश्न नसतोच, जाब असतो. का उशीर झाला, का नाही केलं, का हसलास. लहानपणापासून आपण ‘का’ ऐकलं की उत्तर शोधत नाही, सबब शोधतो. ‘का’ला तेलुगूत ‘एंदुकु’. जॉबरनं मला वरून समज दिली, "साहेब, आमच्या माणसांना एंदुकु एंदुकु करत फिरू नका. त्यांना वाटायलंय तुम्ही चौकशी लावली."

त्याच जॉबरला चहा पिता पिता मी ही पद्धत कुठून आली ते सांगितलं. प्रशिक्षणात टोयोटाच्या मोटारींच्या गोष्टी होत्या, पण हे घराणं मूळचं मागाचं. साकिची टोयोडा, जन्म 1867, सुताराचा मुलगा. आई घरी मागावर विणायची. 1924 मध्ये त्यांनी पुढे आणलेला स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबायचा, म्हणजे खराब कापड पुढे विणलं जात नसे. 1929 मध्ये त्या मागाचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सना विकले. मोटारीचा कारखाना त्यानंतरचा. आणि ज्यांच्या पुस्तकातून ‘पाच का’ जगभर गेले ते ताइइची ओहनो, तेही आधी टोयोडांच्या सूतगिरणी-विणकामातच नोकरीला होते.

जॉबर चहा ठेवून म्हणाला, "म्हणजे ड्रॉपरवाला माणूस! मग गाडीवाला गाडीवाला काय करायलाव?"

ड्रॉपर म्हणजे ताण्याच्या, म्हणजे उभ्या सुताच्या, प्रत्येक तारेवर लटकणारी पत्र्याची पातळ पट्टी. तार तुटली की ती खाली पडते आणि लूम बंद होतो. मग जॉबर जे बोलला ते मी वहीत लिहून ठेवलं. "ड्रॉपर पडला की आम्ही तारेला ‘का तुटलीस’ म्हणतो का? कशानं तुटली ते बघतो. गाठ आहे का, फणी खराब आहे का, सूत कोरडं आहे का."

त्या दिवसापासून मी ‘का’ सोडला आणि ‘कशानं’ धरला. हसू येईल, पण फरक पडला. ‘का’ माणसाकडे बोट दाखवतो आणि ‘कशानं’ वस्तूकडे.

आणि विचारणंही कमी केलं. चेकिंगच्या टेबलाशेजारी स्टूल टाकून बसलो. पहिले दोन दिवस बायका माझ्यासमोर इतक्या गोड वागल्या की मलाच अवघडल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी विसरल्या. मी वहीत रेघा मारत होतो. खटका उडाला की एक ओळ : वार, वेळ, लूम नंबर, कशावरून, तागा कधी उतरला. कोण बोललं ते लिहायचं नाही, असं ठरवलं होतं. पाच आठवड्यांत 27 ओळी झाल्या.

भाषेवरून एकही नव्हता. खरं तर चेकिंगच्या बायकांना कामापुरतं तेलुगू येतं आणि लूमवाल्यांना कानडी. सोलापुरात निम्मं गाव तीन भाषांत उधारी मागतं. भाषा न कळणारा त्या हॉलमध्ये मी एकटाच होतो. दोन खटके खासगी, एक पंख्यावरून, तीन इकडचे तिकडचे. उरलेले 21 एकाच जातीचे होते. आडवी पट्टी किंवा तुटकी तार निघाली आणि लूमवाला म्हणाला, "हे माझं नाही."

आडवी पट्टी म्हणजे स्टार्टिंगची पट्टी. लूम थांबून पुन्हा चालू झाला की त्या जागी विणीत रेघ येते, कधी दाट, कधी विरळ. जितक्या वेळा लूम थांबेल तितक्या पट्ट्या. एप्रिलमध्ये त्या वाढल्या होत्या, आणि इथं जॉबरचं ‘ऊन वाढलंय’ अर्धं खरं निघालं. तापलं होतं ते सूत. सुती धाग्याला हवेत ओलावा लागतो, नाहीतर तो ठिसूळ होऊन तटातट तुटतो. सोलापूरचा एप्रिल, बाहेर पारा चाळिशीच्या पुढे. दरवर्षी आम्ही शेडमध्ये पाणी मारायचो, खिडक्यांना ओली पोती लावायचो. त्या वर्षी टँकरचा खर्च वाचवायचा म्हणून मार्चपासून ते बंद होतं. सूत तुटे, लूम थांबे, पट्टी येई, अक्का खूण करी आणि डबा उडे. डोकं तापायचं ते सगळ्यात शेवटी.

पण एवढ्यानं ‘हे माझं नाही’चा उलगडा होत नव्हता. वही पुन्हा चाळली तेव्हा ‘तागा कधी उतरला’ या रकान्याकडे लक्ष गेलं. त्या 21 पैकी 16 तागे पाळी बदलल्यावर पहिल्या दोन तासांत उतरलेले होते. सकाळी आठला माणूस लूमवर येतो आणि साडेनऊला तागा उतरवतो. त्या ताग्यात त्यानं विणलेलं किती? शेवटचे चार-पाच टॉवेल. बाकी सगळं रात्रपाळीचं. आणि आमच्याकडे नियम असा की तागा जो उतरवेल त्याच्या नावावर चढणार.

मजुरी मात्र प्रत्येकाला त्याच्या पाळीत लूमच्या काउंटरवर पडलेल्या आकड्यावर. म्हणजे पैसे ज्याचे त्याला आणि दोष उतरवणाऱ्याला! मग लूमवाले काय करणार? पाळी संपत आली की तागा भरला तरी उतरवायचा नाही, येणाऱ्याच्या गळ्यात टाकायचा. मी याला आळस म्हणत होतो. दोन वेळा मेमोही दिले होते.

हा नियम आला कशानं, ते विचारायला मी एका रात्री शेडमध्ये थांबलो. रात्री दोननंतर शेडमध्ये आवाज तेवढाच असतो, पण माणसं मोकळी होतात. अकरा नंबरवरचे मामा आमच्याकडचे सगळ्यात जुने. लूम चालू ठेवून ते माझ्या कानात ओरडून बोलत होते.

"आधी असं नव्हतं साहेब. पाळी संपली की आम्ही काठात रंगीत धागा सोडायचो. सकाळचा पिवळा, रात्रीचा निळा. तागा उलगडला की कुणाचं किती ते दिसायचं. अक्काला विचारायचं कामच नाही."

मग तो धागा बंद कशानं झाला?

मामांनी माझ्याकडे बघितलं. लूमकडे बघितलं. "तुमची नोटीस लागली होती की."

दुसऱ्या दिवशी फाइल काढली. दोन वर्षांपूर्वीची नोटीस, खाली माझी सही. ‘टॉवेलच्या काठात रंगीत धागा आढळल्यास तो दोष समजून कपात करण्यात येईल.’ तेव्हाचं सगळं आठवलं. एका व्यापाऱ्यानं काठात पिवळा धागा दिसतो म्हणून एक लॉट परत पाठवला होता. शेठ चिडले होते, मी घाईत होतो, आणि दहा मिनिटांत नोटीस टाइप करून लावली. तो धागा तिथं कशासाठी आहे हे एकालाही विचारलं नाही. मामा म्हणतात त्यांनी तेव्हाच येऊन सांगितलं होतं. मी ‘बघू’ म्हणालो होतो म्हणे. मला आठवत नाही, पण मी ‘बघू’ म्हणतो हे खरं आहे.

धागा गेला आणि तागा कोणाचा हे कळायची सोय गेली. मग हिशेबवाल्यानं सोपा मार्ग काढला, उतरवेल त्याच्या नावावर. ज्याचं नाव पडलं तो अक्कावर चिडला. आणि अक्का तिखट जिभेची ठरली. साखळीची दुसरी कडी माझ्या टेबलावर होती आणि मी पाच आठवडे स्टूल टाकून दुसऱ्या टोकाला बसलो होतो!

हे सगळ्यांपुढे सांगावं की नाही, यात मी तीन दिवस घालवले. शेवटी नोटीसच घेऊन गेलो आणि वाचून दाखवली. मला वाटलं होतं काही तरी ऐकवतील. मागून एक जण "पाच का म्हणत होता, एकातच सापडलं बे" असं म्हणाला, थोडं हसू झालं आणि सगळे कामाला लागले. माफीचं नाट्य माझ्या मनातच राहिलं.

धागा परत आणायचा, पण गिऱ्हाइकाला दिसता कामा नये. तोड मामांनीच दिली. दोन टॉवेलांच्या मधे कापण्यासाठी जी साधी विणीची पट्टी असते, तिच्यात धागा टाकायचा. ती पट्टी कापली जाते, उरलेली शिलाईत दुमडते. पाळी बदलताना टॉवेल अर्ध्यावर असेल तर तो पुरा होऊन पट्टी येईपर्यंत थांबायचं. त्या अर्ध्या-अर्ध्या टॉवेलात दोष निघाला तर तो कोणाचाच नाही. हा शेवटचा मुद्दा शेठना पटेना. मी म्हटलं, आठवड्याला असे किती निघतील ते मोजू आणि मग बोलू. मोजल्यावर ते पुन्हा बोलले नाहीत.

रंगांवर मात्र सभा घ्यावी लागली. भगवा नको, हिरवा नको, आणि रात्रीचा जुना निळाही आता नको. प्रत्येक रंगाच्या मागे एक झेंडा उभा! शेवटी डाईंगमधलं उरलेलं चॉकलेटी आणि जांभळं सूत घेतलं. या दोन रंगांवर सोलापुरात अजून कोणाचा हक्क नाही.

पहिल्या पंधरवड्यात लबाडीही झाली. एकानं जांभळा धागा तासभर आधीच टाकला, म्हणजे पुढचा खराब भाग सकाळच्या गड्याच्या नावावर. पकडलं अक्कानं, काउंटरचा आकडा आणि धाग्याची जागा जुळेना म्हणून. त्यानंतर धागा टाकताना दोघांनी समोरासमोर उभं राहायचं असं ठरलं. पाच मिनिटं जातात. त्याच पाच मिनिटांत जाणारा येणाऱ्याला ‘फणीत एक दात वाकलाय, बघ’ असंही सांगायला लागला. ते काही माझ्या योजनेत नव्हतं.

पाण्याचं प्रकरण जास्त जड गेलं. सूत कोरडं असल्यानं लूम थांबत असेल तर त्या पट्टीचे पैसे लूमवाल्यानं का भरायचे? हा ‘का’ मी मुद्दाम ‘का’ म्हणूनच शेठना विचारला. ते म्हणाले, "तुला मी पुण्याला पाठवलं ते नुकसान कमी करायला, माझं वाढवायला नाही." 1936 च्या वेतनाच्या कायद्यात नुकसानीपोटी कपात करायची तर ते नुकसान कामगाराच्या हयगयीमुळेच झालेलं असलं पाहिजे आणि कपातीआधी त्याला म्हणणं मांडायची संधी द्यायला हवी, असं होतं. तेही त्यांच्यापुढे ठेवलं. शेवटी तडजोड झाली. शेडमध्ये ओलावा मोजायचं एक यंत्र टांगलं. काटा ठरलेल्या आकड्याखाली असेल त्या पाळीला पट्टीची कपात निम्मी. शेठच्या लक्षात आलं की निम्म्या कपातीपेक्षा टँकर स्वस्त पडतो, आणि पोती पुन्हा ओली व्हायला लागली. निम्मी तरी कपात राहिलीच आहे. कारणांची साखळी कुठवर ओढायची हे मासा ठरवत नाही, ज्याच्या खिशापर्यंत ती पोचते तो ठरवतो. माझी पोच तिथं संपली.

वही मी अजून चालवतो. जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेनंतरच्या पाच आठवड्यांत नऊ ओळी झाल्या. त्यांतल्या चार पंख्यावरून, कारण पंखा आम्ही अजून बदललेला नाही.

अक्का आणि तो डबा फेकणारा, दोघंही त्याच जागी आहेत. त्यांचं बोलणं आजही नाही. मी एकदा विचारायला गेलो तर अक्का म्हणाली, "ते तुमच्या वहीतलं नाही साहेब." मी वही मिटली.

कापलेल्या पट्ट्यांतले धागे ती पावडरच्या जुन्या डब्यात ठेवते, प्रत्येकाला लूम नंबरची चिठ्ठी बांधून. शनिवारी पगाराच्या आधी तो टेबलाशी येतो. ती मान वर करत नाही, डबा उघडून चिठ्ठी बांधलेला जांभळा तुकडा त्याच्यासमोर ठेवते. तो धागा उचलून उजेडात धरतो, पुन्हा डब्यात टाकतो आणि सही करायला खिडकीकडे जातो.